ताईच्या खिडकीबाहेरचे दाणे

२ डिसेंबर

ताई आजही दिवसभर खिडकीबाहेरच बघत होती. बाहेर आहे काय? मागचं अंगण, पानं झडलेलं एक झाड, त्याच्याजवळ एक झुडूप, कपड्यांची दोरी, कुंपण. झाडाच्या आडव्या फांदीला दोन लोखंडी आकडे, रिकामे. आणि ही बघतेय! सकाळी खुर्चीत बसवल्यापासून जेवणापर्यंत, जेवणापासून दिवे लागेपर्यंत.

“काय बघतेस गं?”

“बरं.”

एवढा एकच शब्द राहिलाय तिच्याजवळ. ऑक्टोबर संपता संपता झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. सदतीस वर्षं गणित शिकवलं हिने. फळ्याकडे तोंड करून बोलली तरी शेवटच्या बाकावरच्यांची झोप उडायची. आता भूक लागली का — बरं. दुखतंय का — बरं. खिडकी लावू की उघडी ठेवू — बरं!

मी येऊन बारा दिवस झाले. त्याआधी अकरा वर्षं या घराची पायरी चढले नव्हते.

४ डिसेंबर

शेजारचे पोस्टमनकाका आले. रिटायर होऊन जमाना झाला, पण दारात येऊन अजून टपाल आल्यासारखेच ओरडतात. ताईकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, मग मला म्हणाले, “धाकट्या ताई, बाई पाखरांची वाट बघतायत. थंडी पडली की दाणे टांगतात त्या. दरवर्षी. तुम्हाला माहीत नाही?”

नाही. माहीत नाही. माझी सख्खी बहीण पाखरांना खाऊ घालते हे मला शेजाऱ्याकडून कळतंय!

मागच्या खोलीत सामान सापडलं. जाळीची एक उभी नळी, छप्पर असलेला लाकडी थाळा, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सूर्यफुलाच्या बिया. डब्यावर तिच्या अक्षरात चिकटवलेला कागद — ‘खारे दाणे नकोत. पाव नको. आठवड्यातून एकदा गरम पाण्याने धुणे.’ कुणासाठी लिहिलं असेल? एकटीच तर राहत होती.

५ डिसेंबर

टांगलं. स्टुलावर चढून, जीव मुठीत धरून. संध्याकाळपर्यंत चिटपाखरू फिरकलं नाही. लोक नुसतं म्हणण्यापुरतं म्हणतात, ते मी आज अक्षरशः पाहिलं.

७ डिसेंबर

आजही कुणी नाही. काकांनी कुंपणावरून तपासणी केली आणि माझी खरडपट्टी काढली. “उघड्यावर टांगलाय थाळा! वरून ससाणा आला तर लपतील कुठे? झुडपाकडे घ्या. खिडकीच्याही जवळ घ्या, लांबून जोरात आली तर काचेवर आपटतात. आणि तो लाल स्वेटर बदला हो. पाखरं काय, मीच बिचकलो!”

स्वेटर बदलला. थाळा झुडपाजवळच्या, खिडकीकडच्या आकड्यावर हलवला. पसरट ताटलीत पाणी ठेवलं. सकाळी त्यावर बर्फाची पापडी धरते, कोमट पाणी ओतून ती फोडायची. बोटं बधिर होतात. पाखरांच्या पाण्यासाठी बोटं बधिर करून घेणारी मी! आप्पांच्या आजारपणात मी असं एक तरी काम केलं होतं का?

११ डिसेंबर

आलं! आलं! नऊ वाजून दहा मिनिटांनी!

मुठीत मावेल एवढं. गाल पांढरेशुभ्र, डोकं काळं, आणि गळ्यापासून पोटापर्यंत काळी पट्टी — थेट टाय लावल्यासारखी. एक बी उचलली, फांदीवर नेली, पायांत धरून टकटक फोडली. परत आलं, दुसरी नेली. प्रत्येक वेळी एकच. काका म्हणाले, वल्गुली म्हणतात. मी त्याचं नाव कारकून ठेवलं. टाय लावून वेळेवर येतो, एका वेळी एकच कागद उचलतो!

मी ताईकडे बघितलं. तोंडाची उजवी बाजू पडलीय, त्यामुळे हसू अर्धंच येतं. पण आलं. दीड महिन्यात पहिल्यांदा.

“आला गं तुझा!” मी ओरडले.

“बरं!” ती म्हणाली. उद्गारचिन्हासकट.

१४ डिसेंबर

आता रीघ लागलीय. कारकून आणि त्याची बायको. चिमण्यांची टोळी — भांडखोर, अर्धे दाणे खाली सांडतात. खाली सांडलेलं टिपायला दोन होले येतात, गुबगुबीत, डुलत डुलत, पेन्शन घ्यायला निघाल्यासारखे. एका खारीने नळीला उलटं लटकून पाऊण तास दरोडा घातला. मी टाळ्या वाजवल्या, हुसकलं, तिने ढुंकूनही बघितलं नाही.

आणि एक गोष्ट. आधी लिहायला हवी होती ती शेवटी लिहितेय.

ताईचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर असतो. त्याचं एक बोट मधूनमधून टकटक करतं. मला वाटायचं, आजारामुळे. आज चार चिमण्या उतरल्या — चार टकटक. दोन उडाल्या, थांबली. तीन आल्या — तीन टकटक. मी पडद्याआड उभी राहून तासभर ताळा करत होते. एकदाही चुकली नाही.

मोजतेय ती! आत आहे. माझी ताई आत पूर्ण आहे.

१९ डिसेंबर

आज बोलले. एकदाचं.

आप्पा, आमचे वडील, चार वर्षं अंथरुणावर होते. याच खोलीत. ताईने शाळा सांभाळून सगळं केलं — भरवणं, पुसणं, कूस बदलणं. मी चार वर्षांत तीनदा आले. फळं घेऊन! दोन दिवस राहायचे आणि निघताना तिलाच सांगायचे, ‘स्वतःची तब्येत जप हं.’ माझं काम होतं, घर होतं, यांचा गुडघा होता. कारणं सगळी खरी होती. आप्पा गेले तेव्हा मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. ताई दारातच उभी. घरात पंधरा-वीस माणसं. तिने सगळ्यांदेखत म्हटलं, “सगळं आटोपल्यावर आलीस. छान वेळ साधलीस.”

मी बॅग खालीसुद्धा ठेवली नाही. उलट्या पावली परतले. वाटलं, फोन करेल. तिला वाटलं असेल, मी करेन. दोघीही आप्पांच्याच मुली! अकरा वर्षं कुणी केला नाही.

आज तिचे केस विंचरत होते. पाठीमागे उभी होते म्हणून तोंड उघडलं, समोरून धीर झाला नसता. “ताई, मी यायला हवं होतं गं. कामाचं वगैरे खरं होतं, पण तेवढंच नव्हतं. मला आप्पांना तसं बघवत नव्हतं. तू बघायचीस, म्हणून मी तुझ्यावर सोडून दिलं. चुकलं माझं.”

कंगवा तसाच केसांत. मी पुढे येऊन तिच्या पायाशी बसले. त्याच क्षणी कारकून थाळ्यावर उतरला, छातीवर ऊन, एवढा देखणा! आणि तिने त्याच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. डावा हात उचलला, माझ्या गालावर ठेवला.

“बरं,” म्हणाली. हळूच.

२० डिसेंबर

झोप लागली. अशी झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती.

२७ डिसेंबर

बोलणं शिकवणाऱ्या बाई आज पहिल्यांदा आल्या. तरुण आहेत, मायाळू आहेत. चित्रं दाखवली, कप, किल्ली, कुत्रा. सगळ्याला बरं. तासाभराने मला स्वयंपाकघरात घेतलं. “मावशी, एक समजून घ्या. झटक्यानंतर काही जणांचा एखादा शब्द तोंडात अडकून बसतो. कुणाचा ‘चला’, कुणाची एखादी शिवीसुद्धा. यांचा ‘बरं’. तो होकार समजू नका. त्याला तसा अर्थ नसतो.”

“पण तिला कळतं! ती पाखरं मोजते!”

“कळत असेल, बरंच कळत असेल. पण जे कळतं ते या शब्दातून बाहेर येत नाही. त्यांना ‘नाही’ म्हणायचं असेल तरी ‘बरं’च येणार.”

निघताना त्या ताईशी बोलायला वाकल्या. ताईने डावा हात उचलून त्यांच्या गालावर ठेवला. अगदी तसाच.

२८ डिसेंबर

आज मी वाईट वागले. लिहून टाकते.

“ताई, हे घर पेटवून देऊ का?” — बरं. “ताई, तुला मी नकोच आहे ना इथे?” — बरं. “मी आप्पांना टाकलं, खरं की नाही?” — बरं.

मला हसू आलं. मग मी स्वयंपाकघरात जाऊन नळ पूर्ण सोडला आणि त्या आवाजात रडून घेतलं. बाहेर आले तर तिचं बोट चाललं होतं. टकटक, टकटक. सात चिमण्या.

४ जानेवारी

थाळ्याखाली एक चिमणी बसली होती. फुगलेली, लोकरीच्या गुंड्यासारखी. डोळे चिकटलेले. मी हातभर अंतरावर गेले तरी उडाली नाही. दुपारी बघितलं तर आडवी.

काकांना बोलावलं. त्यांनी हातमोजे घालून तिला कागदात गुंडाळलं. “रोग आहे. एका थाळ्यात सगळी तोंडं घालतात, पसरतो. उतरवा सगळं, उकळत्या पाण्याने धुवा, आणि दोन आठवडे दाणे बंद.”

“दोन आठवडे? या थंडीत?”

“जमली की मरतील. पांगली तर जगतील. बाई असत्या तर त्यांनीही हेच केलं असतं.”

असत्या तर म्हणाले. ताई दहा पावलांवर बसलेली!

आठवड्यातून एकदा धुणे, असं कागदावर लिहिलं होतं. गेल्या आठवड्यात मी धुतलं नव्हतं. नववर्षाच्या दिवसांत कंटाळा केला.

५ जानेवारी

ताईला समजावलं. रिकाम्या आकड्यांकडे बोट केलं, चिमणीचं सांगितलं. “बरं,” म्हणाली. पण दिवसभर बोट हललं नाही. हाताची मूठ मिटलेली. संध्याकाळी उघडून बघितली तर नखांचे वळ.

१२ जानेवारी

कारकून रोज येतो. आकड्यावर बसतो, मान तिरपी करतो, जातो. मी खिडकीआडून त्याला हात जोडते.

१८ जानेवारी

पुन्हा टांगलं. कुणी आलं नाही.

२० जानेवारी

कारकून आला. टाय जागच्या जागी! ताईने एक टकटक केली आणि मग बराच वेळ बोट दांड्यावर तसंच टेकवून ठेवलं, जणू तो आकडा पुसला जाऊ नये म्हणून.

२३ जानेवारी

आज पडलो आम्ही. न्हाणीघरात. मी तिला उठवत होते, माझ्या पाठीतून कळ गेली आणि माझे हात सुटले. सुटले म्हणजे सुटलेच! ती भिंतीला घासत खाली, मी तिच्या अंगावर. मला हलता येईना. चाळीस मिनिटं आम्ही दोघी ओल्या फरशीवर. मी तिच्यावर टॉवेल ओढला, काकांना हाका मारत राहिले. ती थंडीने कुडकुडत होती आणि दर थोड्या वेळाने म्हणत होती, “बरं. बरं.” लहानपणी मी पडले की मला थोपटायची ना, त्या सुरात. की तो सूरही माझ्याच मनाचा?

काका आले. त्यांचे हात सत्तरीचे, माझी पाठ मोडलेली. दोघांनी मिळून कसंबसं उचललं. तिच्या दंडावर हिरवानिळा डाग आहे.

२५ जानेवारी

यांचा फोन. “अगं, तू किती दिवस करणार? उद्या डोक्यावर पडली असती तर? तुझी रजाही संपली. चांगली संस्था आहे, बघून आलोय मी. नर्स आहेत, व्यायाम आहे. जागा रोज रोज रिकामी होत नाही.”

मी कपड्यांच्या दुकानात शिवणकाम करते, लांबीरुंदी कमी करणं, चेन बदलणं. दोन महिने रजेवर. माझ्या जागी दुसरी बसवतील असं कानावर आलंय. कारणं सगळी खरी आहेत. पुन्हा एकदा सगळी खरी!

३० जानेवारी

ताईला विचारलं. खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसले, सगळं नीट सांगितलं. “तिथे चोवीस तास माणसं असतात गं. उचलायला दोघीतिघी. बोलणं शिकवायलाही येतात. मी दर रविवारी येईन. दर रविवारी, काही झालं तरी. जाशील ना?”

ती माझ्याकडे बघत राहिली. खूप वेळ.

“बरं.”

मी लगेच यांना फोन केला. “ती हो म्हणाली.” हे म्हणाले, “बघ! उगाच जिवाला लावून घेत होतीस.” बोलणं शिकवणाऱ्या बाई काय म्हणाल्या होत्या ते यांना सांगितलं नाही. इथे लिहिते. डिसेंबरातलं बरं खोटं आणि आजचं खरं, असं कसं होईल? पण मी तसं होऊ दिलं.

९ फेब्रुवारी

आज नेलं.

सकाळी तिला शेवटचं खिडकीशी बसवलं. थाळा काठोकाठ भरला होता मी. चिमण्यांचं मोहोळच उठलं, अकरा-बारा तरी असतील. ती मोजायला लागली. टक. टक. टक. गाडीवाला हॉर्न वाजवत होता. दोन माणसं चाकांची खुर्ची घेऊन दारात उभी. “चला आजी, उशीर होतोय.” सहापर्यंत आली होती ती. मी म्हटलं, “ताई, पुरे आता.” आणि तिचा हात दांड्यावरून उचलून मांडीवर ठेवला.

मोजणं पुरं करू द्यायला हवं होतं. पाच-सहाच तर राहिल्या होत्या.

काका रस्त्यापर्यंत आले. “दाणे मी घालतो बाई, काळजी नको,” म्हणाले आणि तोंड फिरवून नाक शिंकरलं.

संस्था स्वच्छ आहे. खोली दुसऱ्या मजल्यावर. खिडकी आहे, पण समोर भिंत आणि पाण्याचे पाइप. मी व्यवस्थापक बाईंना विचारलं, खिडकीबाहेर एक आकडा ठोकता येईल का? एकच. त्या गोड हसल्या. “नाही हो. पाखरं घाण करतात, मग घुशी येतात. नियमात बसत नाही.” मग त्यांनी ताईची खुर्ची टीव्हीकडे वळवली. “इथे छान करमणूक होते सगळ्यांची.”

मी निघताना म्हटलं, “रविवारी येते हं.”

“बरं.”

जिन्यात कठडा धरून उभी राहिले. हातात तिची शाल तशीच राहिली होती. परत वर गेले नाही, नर्सकडे दिली.

११ फेब्रुवारी

कामावर. टेबलावर ढीग. माझ्या मशीनवर कुणीतरी दोरा चुकीचा ओवून ठेवला होता. दिवसभर पॅंटच्या कडा दुमडल्या. जेवणाच्या सुट्टीत काकांना फोन केला. “कारकून येतोय. खिडकीच्या कडेवर बसून आत डोकावतो,” म्हणाले.

१३ फेब्रुवारी

उद्या जाणं जमेलसं वाटत नाही. पाठ धरलीय, बसने साडेतीन तास जाऊन परत यायचं म्हणजे सोमवारी कामावर उभं राहवणार नाही. संस्थेत फोन करून सांगितलं. नर्स म्हणाली, “काही हरकत नाही, त्या मजेत आहेत. काहीही विचारा, बरं म्हणतात!”

पुढच्या रविवारी नक्की.

१५ फेब्रुवारी

सकाळी सात वाजता नर्सचा फोन. आवाजात नुसता आनंद! “अहो, तुमच्या ताईंना दुसरा शब्द आला! अगदी स्पष्ट! कुणीही आत आलं की दाराकडे मान वळवतात, नीट निरखून बघतात आणि म्हणतात, ‘नाही.’ मला म्हणाल्या, डॉक्टरांना म्हणाल्या, चहावालीला म्हणाल्या. काल सकाळपासून दिवसभर!”

काल रविवार होता.

कामावर कळवलं नाही. निघतेय.